चालतो म्हणजे बरोबर चालतो? घरी जोडलेल्या संगणकाची मेमरी आणि देशाचे विज्ञान

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे राष्ट्राला अर्पण करण्यात आले. खर्च १३० कोटी रुपये. त्यांतील पुण्याचा संगणक खोडदजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या निरीक्षणांतून क्षणिक रेडिओ स्फोट शोधण्यासाठी आहे. १९९१ साली ‘परम ८०००’ घडवणाऱ्या सी-डॅकचे नाव पुन्हा एकदा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले आणि मराठी वाचकाला त्याचा अभिमान वाटला. तो रास्तच होता. तथापि अशा प्रत्येक बातमीत पेटाफ्लॉप्सची संख्या सांगितली जाते, मेमरीचे आकारमान सांगितले जाते, आणि त्या मेमरीत ठेवलेला आकडा तसाच परत मिळतो की नाही, हा प्रश्न कोणीही विचारत नाही. महासंगणकाच्या बाबतीत तो न विचारला तरी चालते, कारण तिथे चुका पकडणारी ईसीसी मेमरी गृहीतच असते. परंतु या देशातील विज्ञानाची फार मोठी आकडेमोड महासंगणकावर होत नाही. ती विभागातील टेबलाखाली, वसतिगृहात आणि भाड्याच्या खोलीत, सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकावर होते. विद्यापीठाच्या कोणत्याही विज्ञान विभागात चार दिवस काढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

लखनौचा चौक हे अशाच एका खोलीचे ठिकाण मानू. मराठी माणसाला लखनौ ठाऊक असते ते पंडित भातखंड्यांमुळे. १९२६ साली तिथे सुरू झालेल्या मॅरिस कॉलेजामुळे. चौक हा त्याच शहराचा जुना गाभा. गोल दरवाजा, चिकनकारीची दुकाने, अत्तराचा वास, एकमेकांवर रेललेली घरे आणि जवळच किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर. अशा ठिकाणी वरच्या मजल्यावरील खोलीत राहणारी एक संशोधक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. ती काल्पनिक आहे, पण अनोळखी नाही. शिष्यवृत्तीतून पैसे साठवून तिने लखनौकरांच्या परिचयाच्या नाझा मार्केटमधून एकेक भाग आणला: रायझेन ७००० मालिकेतील प्रोसेसर, मदरबोर्ड, आणि ३२ जीबीच्या दोन रॅम स्टिक. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘६०००’ असे छापलेले. दुकानदाराने सांगितले, बायॉसमध्ये जाऊन ‘एक्स्पो’ चालू करा, नाहीतर पैसे वाया. तिने ते केले. पुढे विदा वाढली, तेव्हा तिने त्याच नावाच्या, त्याच आकड्याच्या आणखी दोन स्टिक आणून उरलेल्या खाचांत बसवल्या.

आणि मग सुरू झाले ते कोणाचेच नाव न घेणारे आजारपण. उतरवून घेतलेली मोठी फाईल उलगडताना मध्येच सांगते की ती खराब आहे. पुन्हा उतरवली की उलगडते. ब्राउझर अचानक बंद पडतो. दहा तासांची आकडेमोड आठव्या तासाला कोसळते, आणि पुन्हा चालवली की पूर्ण होते. मे महिन्याच्या दुपारी हे जास्त घडते, रात्री कमी. ओळखीचे लोक आपापल्या अनुभवाप्रमाणे निदान करतात: विंडोज नव्याने टाक, ड्रायव्हर बदल, व्हायरस असेल, वीज नीट नसेल. एखादा जाणता म्हणतो, पॉवर सप्लाय बदल. रॅमचा संशय सर्वांत शेवटी येतो, कारण रॅम नवी आहे, महाग आहे आणि संगणक ‘चालतो’ आहे.

सर्वांत वाईट म्हणजे हे कोसळणे नव्हे. कोसळलेला संगणक निदान प्रामाणिक असतो. खरे संकट आहे ते न कोसळता पूर्ण झालेल्या आकडेमोडीचे. संगणकात दशांश संख्या साधारणतः ६४ बिटांत ठेवली जाते. १ ही संख्या घ्यावी. घातांकाच्या सर्वांत वरच्या बिटात उलथापालथ झाली तर तिचे ‘अनंत’ होते. कार्यक्रम बोंब मारतो आणि चूक सापडते. सर्वांत खालच्या बिटात झाली तर फरक पंधरा शून्यांच्या पलीकडे जातो आणि कोणाचे काही बिघडत नाही. परंतु मधल्या एका बिटात झाली तर १ चे १.०००१२२ होते. ही संख्या कोणत्याही तपासणीतून सहज सुटते. ती सरासरीत मिसळते, सरासरी आलेखात जाते, आलेख प्रबंधात जातो, आणि प्रबंधाच्या आधारे पुढचा विद्यार्थी काम सुरू करतो. बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रसेल्सजवळच्या स्खारबेक येथे एका उमेदवाराला ४०९६ मते अधिक पडली. मते शक्यतेपेक्षा जास्त होती म्हणूनच ती पकडली गेली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, तेरावा बिट उलटल्याची खूण. तीच चूक शक्यतेच्या मर्यादेत बसली असती तर निकाल जाहीर झाला असता आणि इतिहासजमाही झाला असता.

हे का घडते, याचे भौतिकशास्त्र गूढ नाही. रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म धारित्र, आणि त्यातील विद्युतभार म्हणजे फार तर काही दहा हजार इलेक्ट्रॉन. ते सतत गळत असतात. म्हणून डीडीआर५ मेमरीत प्रत्येक कप्पा दर ३२ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावा लागतो. ३२ जीबीच्या एका स्टिकमध्ये असे सुमारे साडेसत्तावीस हजार कोटी कप्पे असतात. दुसरी बाब वेगाची. ‘६०००’ म्हणजे प्रत्येक तारेवर सेकंदाला ६०० कोटी बिट. एका बिटाच्या वाट्याला १६७ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात मदरबोर्डवरील तांब्याच्या रेषेतून संकेत जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो. समांतर धावणाऱ्या अनेक तारांवरील संकेत या फटीत एकदम पोहोचले पाहिजेत. लखनवी ‘पहले आप’ला इथे थारा नाही; एकजण मागे राहिला की बिट गेला. एका वाहिनीवर एकाऐवजी दोन स्टिक बसवल्या की संकेतांचे परावर्तन वाढते, ती फट आणखी अरुंद होते, आणि प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकावर भार पडतो.

म्हणूनच त्या रायझेन ७००० प्रोसेसरांसाठी एएमडीने स्वतः जाहीर केलेला वेग असा आहे: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. सहा हजार नव्हे. तीन हजार सहाशे. चौकातील त्या खोलीत चार स्टिक ६००० वर धावत होत्या, म्हणजे निर्मात्याच्या हमीच्या कितीतरी पुढे. ही माहिती प्रोसेसरच्या तपशिलात उपलब्ध आहे. रॅमच्या खोक्यावर मात्र नाही. खोक्यावरील आकडा हा मेमरीच्या मानक संस्थेने ठरवलेला वेग नसतो, तर स्टिक बनवणाऱ्याने स्वतःच्या चाचणीत गाठलेला वेग असतो. मानकानुसार डीडीआर५ चे व्होल्टेज १.१, अशा वेगवान स्टिकना बहुधा १.३५ किंवा त्याहून अधिक द्यावे लागते. इंटेलचे ‘एक्सएमपी’ असो वा एएमडीचे ‘एक्स्पो’, दोन्ही कंपन्या हा प्रकार ओव्हरक्लॉकिंगमध्येच धरतात आणि त्याने हमी बाधित होऊ शकते असे बारीक अक्षरांत लिहून मोकळ्या होतात. एकीकडे जाहिरातीत त्याच आकड्याने ग्राहकाला खुणावायचे, आणि दुसरीकडे तो आकडा वापरल्यास जबाबदारी ग्राहकाची म्हणायचे! एप्रिल २०२३ मध्ये काही रायझेन ७००० प्रोसेसर जळाल्याच्या घटना उघड झाल्या, तेव्हा ‘एक्स्पो’ चालू करताच काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या अंतर्भागाला नको तेवढे व्होल्टेज देत असल्याचे दिसले आणि एएमडीला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. ‘एक बटण दाबा आणि वेग मिळवा’ असे सांगणाऱ्या व्यवहाराचे हे खरे स्वरूप आहे.

या ठिकाणी वैश्विक किरणांची कथा हटकून सांगितली जाते. ती खोटी नाही. १९७८ साली इंटेलमधील मे आणि वुड्स यांनी दाखवले की चिपच्या सिरॅमिक वेष्टनातील किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. पुढच्याच वर्षी झीगलर आणि लॅनफर्ड यांनी वैश्विक किरणांचा परिणाम मांडला. १९७६ साली समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच असलेल्या लॉस अलामोसमध्ये पहिल्या क्रे-१ महासंगणकाने सहा महिन्यांत मेमरीच्या १५२ चुका नोंदवल्या. त्यानंतरच्या यंत्रांत चूक दुरुस्त करणारी मेमरी आली. भाभांच्या देशात वैश्विक किरणांचे कौतुक असणे स्वाभाविक आहे. परंतु चौकातील संगणकाचे खापर ताऱ्यांवर फोडणे म्हणजे जवळच्या गुन्हेगाराला सोडून देणे. गुगलच्या संगणकांचा अडीच वर्षे अभ्यास करून २००९ मध्ये श्रोडर, पिनेरो आणि वेबर यांनी दाखवले की वर्षभरात सुमारे आठ टक्के मेमरी स्टिकमध्ये चुका आढळतात, आणि त्यांच्या मते त्या प्रामुख्याने यदृच्छ किरणांच्या नसून सदोष भागांच्या आहेत: एकदा चुकलेली स्टिक पुन्हा पुन्हा चुकते. त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसला, हेही इथे नमूद केले पाहिजे. परंतु ती मेमरी वातानुकूलित दालनांत, ठरलेल्या वेगाने चालत होती. वेग वाढवलेली, व्होल्टेज वाढवलेली, आणि काही हौशी मंडळी करतात तसे ताजेतवाने करण्याचे अंतर ३.९ मायक्रोसेकंदांवरून पाचपट ताणलेली मेमरी ४५ अंशांच्या लखनवी दुपारी बंद खोलीत ठेवली, तर तिचा निकाल त्या अभ्यासातून काढता येणार नाही. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज नियंत्रित करणारी चिपही स्टिकवरच आली आहे. तिचीही उष्णता तिथेच. तापलेला कप्पा लवकर गळतो, एवढे साधे आहे हे.

दोष शोधण्याची रीत तशी जुनी आणि सोपी आहे. तिला हवी असते ती चिकाटी. प्रथम ‘एक्स्पो’ बंद करावे आणि मेमरी मानक वेगावर आणावी. त्रास थांबला तर स्टिक मोडकी नाही. मागणी अवाजवी होती. न थांबला तर एकच स्टिक ठेवावी, मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत (बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या), आणि मेमटेस्ट८६+ हे मोफत साधन रात्रभर चालवावे. मग दुसरी स्टिक, तिसरी, चौथी. मग तीच स्टिक दुसऱ्या खाचेत. इथे एक बारकावा फार उपयोगाचा आहे, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही: चूक दर वेळी एकाच पत्त्यावर, एकाच बिटात सापडत असेल तर कप्पा खराब आहे, आणि ती स्टिक बदलून मागावी. चूक दर वेळी जागा बदलत असेल तर बहुधा कप्प्यांचा दोष नाही. वेग, व्होल्टेज, खाचेतील धूळ, नीट न बसलेली स्टिक किंवा प्रोसेसरचा मेमरी नियंत्रक, यांकडे पाहावे. प्रोसेसर त्याच्या खाचेत फार किंवा कमी दाबाने बसला असेल तरी एखादी वाहिनी आजारी पडते. वेगवेगळ्या खोक्यांतील स्टिक मिसळू नयेत, नाव आणि आकडा एकच असला तरीही; आतील चिप वेगळ्या कारखान्याची निघू शकते. २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून जुन्यात नवे मिसळण्याचा मोह वाढला आहे. तो समजण्याजोगा आहे, पण तपासणीशिवाय परवडणारा नाही.

रात्री उत्तीर्ण झालेली चाचणी दुपारी पुन्हा घ्यावी. केवळ मेमटेस्टवरही विसंबू नये. प्रोसेसर आणि मेमरी दोघांनाही एकाच वेळी राबवणारी वाय-क्रंचर किंवा प्राइम९५ सारखी साधने काही तास चालवावीत, कारण प्रत्यक्ष आकडेमोडीत ग्राफिक्स कार्डाची उष्ण हवाही स्टिकवर येत असते. प्राइम९५ हे तर मर्सेन मूळसंख्या शोधणाऱ्या जगभरच्या हौशी लोकांचे साधन. त्या प्रकल्पाने घरगुती संगणकांच्या प्रामाणिकपणावर कधीच भाबडा विश्वास ठेवला नाही: एकाने काढलेले उत्तर दुसऱ्या यंत्रावर पुन्हा काढायचे, ही तिथली जुनी शिस्त, आणि २०१७ पासून रॉबर्ट गेर्बिच यांनी सुचवलेली, गणित चालू असतानाच चूक पकडणारी तपासणीही त्यात आली. मूळसंख्येच्या छंदासाठी जी दक्षता घेतली जाते, ती रुग्णांच्या नोंदी मोजताना किंवा रेणूंच्या हालचाली काढताना घ्यावीशी वाटू नये, हे कशाचे लक्षण समजायचे?

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला असा की डीडीआर५ मध्ये चूक दुरुस्ती आतच आहे, मग चिंता कसली. हा अर्धसत्याचा उत्तम नमुना. डीडीआर५ च्या चिपमध्ये दर १२८ बिटांमागे ८ तपासबिट असतात खरे, पण ती सोय लहान होत चाललेल्या कप्प्यांचे दोष चिपच्या आतल्या आत झाकण्यासाठी आहे. चिपमधून निघून तांब्याच्या रेषेवरून प्रोसेसरपर्यंत जाताना बिट बिघडला तर तिला त्याचा पत्ताच नसतो. आणि वेग वाढवलेल्या मेमरीचा बिघाड नेमका याच वाटेवर होतो. शिवाय किती चुका झाल्या हे साध्या मेमरीत वापरकर्त्याला कळतही नाही. खऱ्या ईसीसी स्टिकवर जादा चिप असतात, प्रोसेसर प्रत्येक वाचनाची पडताळणी करतो, एका बिटाची चूक दुरुस्त करतो, दोन बिटांची ओळखतो, आणि मुख्य म्हणजे नोंद ठेवतो. साध्या संगणकात अशी नोंदवहीच नसते. त्यामुळे ‘आमच्या संगणकात कधी चूक झाली नाही’ हे वाक्य त्याच्या मालकाला उच्चारता येण्याजोगे नाही. त्याच्यापाशी साक्षीदारच नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. रिचर्ड हॅमिंग यांनी चूक दुरुस्त करणारी संकेतरचना १९५० साली प्रसिद्ध केली, तीही बेल प्रयोगशाळेतील यंत्र शनिवार-रविवारी त्यांचे काम चुकीवर अडून सोडून देत असे, या वैतागातून. पंचाहत्तर वर्षांचे हे ज्ञान डीडीआर४ मध्ये आठ चिपमागे एक जादा चिप लावून मिळत होते. डीडीआर५ मध्ये सहसा आठामागे दोन. चिपांचा खर्च एवढाच. बाकीचा खर्च बाजाराने घातलेल्या कुंपणाचा आहे. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या अनेक कोअर प्रोसेसरांत ईसीसीची क्षमता आहे, पण ती वापरायची तर डब्ल्यू६८० चिपसेट असलेला महाग मदरबोर्ड हवा. सामान्य मदरबोर्डवर तीच क्षमता मुकी राहते. एएमडीने बहुतांश डेस्कटॉप रायझेनमध्ये दार उघडे ठेवले आहे, परंतु निर्णय मदरबोर्ड बनवणाऱ्यावर सोडला, आणि तो बहुधा मौन पाळतो. सर्व्हर घेणाऱ्याकडून जास्त पैसे काढता यावेत म्हणून डेस्कटॉप घेणाऱ्याला बरोबर उत्तराचा हक्क नाकारायचा, असे हे धोरण आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२१ मध्ये इंटेलवर याच मुद्द्यावरून जाहीर कोरडे ओढले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्याच डेस्कटॉपमधील, अडीच वर्षे सुरळीत चाललेली एक स्टिक बिघडली. त्यात ईसीसी नव्हती. आधी संशय नव्या कर्नलवर गेला, मग जुना कर्नल आणि रात्रभर मेमटेस्ट चालवल्यावर खरा दोषी सापडला. जगातील सर्वांत जाणत्या वापरकर्त्यांपैकी एकाची ही स्थिती असेल, तर चौकातील विद्यार्थिनीने आधी स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय घेतला आणि त्यात दोन महिने घालवले, तर तिला दोष कोणी द्यावा?

तिसरा आक्षेप सर्वांत प्रतिष्ठित आणि सर्वांत पोकळ आहे: ‘आमच्या मोजमापांतच पाच टक्के अनिश्चितता असते, एका बिटाने काय बिघडते?’ मोजमापातील अनिश्चिततेला वितरण असते, ती पुन्हा मोजून आवरता येते, ती लिहून दाखवता येते. उलटलेल्या बिटाला असे कोणतेही शील नसते. तो पाच टक्क्यांच्या आत राहील, की अनुक्रमणिकेचा बिट असून एका रुग्णाची ओळ दुसऱ्याला चिकटवील, हे आधी सांगता येत नाही. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २००३ मध्ये ११०० पॉवर मॅक जी५ संगणक जोडून महासंगणक उभारला. तो जगात तिसरा आला, त्याचा गाजावाजा झाला. त्यात ईसीसी नव्हती. पुढच्याच वर्षी ते सारे संगणक काढून ईसीसी असलेले एक्ससर्व्ह बसवावे लागले. वेगाची स्पर्धा जिंकणे आणि विज्ञान करणे या दोन गोष्टी निराळ्या असल्याचे तिथल्या लोकांना लवकर कळले.

आता खरा रोख ज्यांच्याकडे जायला हवा त्यांच्याकडे वळावे. विद्यार्थ्याला त्याच्या खिशातून संगणक जोडू देणारे आणि त्यावरील निकालांवर स्वतःचे नाव घालणारे मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि अनुदान देणाऱ्या संस्था या प्रकरणात तटस्थ प्रेक्षक नाहीत. रासायनिक तराजू दरवर्षी प्रमाणित करून घ्यायचा, पिपेट तपासायची, शीतकपाटाचे तापमान वहीत लिहायचे, आणि ज्या यंत्रातून शेवटचा आकडा बाहेर पडतो त्याच्या मेमरीची एकही चाचणी कधी करायची नाही, ही सवय बहुतेक प्रयोगशाळांना इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील विसंगती दिसेनाशी झाली आहे. शोधनिबंधात सॉफ्टवेअरची आवृत्ती दशांश बिंदूपर्यंत लिहिली जाते. मेमरी ईसीसी होती की नाही, हे लिहिलेले विरळाच आढळते.

‘खरेदीचे नियम आड येतात’ ही सबब काही काळ खरी होती. सर्वांत कमी बोलीचा संगणक घ्यावा लागे, आणि कमी बोलीत ईसीसी बसत नसे. परंतु जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक खात्यांना आणि संशोधन संस्थांना सवलत दिली: कोटेशन न मागवता करायच्या खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपये झाली, आणि समितीमार्फत करायच्या खरेदीची दहा लाखांवरून पंचवीस लाख. राष्ट्रीय विज्ञानवार्तांत या निर्णयाचे स्वागत झाले, संस्थाचालकांनी आभार मानले. त्या सवलतीचा उपयोग करून किती विभागांनी साध्या मेमरीचे संगणक घेणे थांबवले, हे आता त्यांनीच सांगावे. भाव भडकलेल्या काळातही ईसीसी स्टिक आणि तिला मानणारा मदरबोर्ड मिळून होणारा जादा खर्च एका परदेशी परिषदेच्या विमानभाड्याहून जास्त होत नाही.

सेमीकंडक्टरच्या बातम्यांबद्दलही एक शब्द आवश्यक आहे. गुजरातेतील साणंद येथे मायक्रॉनचा मेमरी जुळणी आणि चाचणीचा प्रकल्प जून २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हापासून ‘भारतीय रॅम’ हा देशभक्तीचा विषय झाला आहे. चाचणी हा शब्द त्या प्रकल्पाच्या व्याख्येतच आहे, ही चांगली गोष्ट. परंतु त्याच मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा मेमरीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांचा ग्राहक अधिक फायद्याचा आहे. म्हणजे सुटे भाग आणून संगणक जोडणाऱ्याच्या वाट्याला पुढील काळात कमी पर्याय, चढे भाव आणि कोणाच्या तरी कपाटातून आलेल्या वापरलेल्या स्टिक येणार आहेत. कोणत्या देशात चिप जुळवली गेली, हा प्रश्न महत्त्वाचा असेलही. चौकातील खोलीत ती चिप खरे सांगते की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्या विद्यार्थिनीच्या संगणकावर करण्याजोगे तरीही बरेच आहे, आणि ते आज रात्री सुरू होऊ शकते. चार स्टिक हव्याच असतील तर वेग ३६०० वर आणावा. आकडेमोडीचा वेळ काही टक्क्यांनी वाढेल, क्वचित जास्त. नाहीतर दोनच मोठ्या, ईसीसी असलेल्या स्टिक ठेवाव्यात आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत ईसीसीचा स्पष्ट उल्लेख आहे याची खात्री खरेदीपूर्वी करावी. स्टिकवरून हवा जाईल असा एक पंखा लावावा. मोठ्या फाईल हलवताना त्यांची तपाससंख्या जुळवावी. निष्कर्षाला आधार देणारी आकडेमोड दुसऱ्या यंत्रावर पुन्हा चालवावी, आणि तेच प्रोग्रॅम, तीच विदा आणि तेच प्रारंभिक बीज असूनही उत्तर निराळे आले तर आधी मेमरीकडे पाहावे. आणि अस्थिर मेमरीवर काढलेले जुने निकाल, ते आवडते असले तरी, पुन्हा काढावेत.

मार्गदर्शकांसाठी काम याहून लहान आहे. पुढच्या मागणीपत्रात, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या ओळींखाली, आणखी एक ओळ घालायची: मेमरी ईसीसी असावी, निर्मात्याने जाहीर केलेल्या वेगावर चालवलेली असावी, आणि यंत्र ताब्यात देताना चोवीस तासांच्या मेमरी चाचणीचा अहवाल जोडलेला असावा.